तीसपैकी किती?

मेंदूविकाराच्या तपासणीसाठी मिरजेला आलेल्या वयस्क माणसाबरोबर बहुधा तीन गोष्टी असतात: औषधांची पिशवी, एमआरआयच्या फिल्मचा मोठा लिफाफा आणि काय झाले आहे हे घरूनच ठरवून आलेला एखादा नातेवाईक. १८९४ साली विल्यम वानलेस यांनी येथे रुग्णालय काढले तेव्हापासून जत, आटपाडी, कवठेमहांकाळपासून थेट अथणी-विजापूरपर्यंतची माणसे ‘मिरजेला दाखवून येऊ’ म्हणत आली आहेत. त्यांपैकी ज्यांची तक्रार विसरण्याची, गोंधळण्याची किंवा स्वभाव पालटल्याची असते, ती मंडळी मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात. मी मानसशास्त्रज्ञ आहे. स्मरण, अवधान, भाषा, दिशेची आणि जागेची जाण, नियोजन या क्षमता चाचण्यांनी तपासणे हे माझे काम. दीड-दोन तासांनी दार उघडले की मुलगा किंवा सून पहिला प्रश्न विचारते, “तीसपैकी किती पडले?”

हा तीसचा आकडा १९७५ साली मार्शल फोल्स्टीन, सुझान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘मिनी मेंटल स्टेट एक्झॅमिनेशन’ या छोट्या चाचणीतून आला. दहा मिनिटांत होते, साहित्य म्हणून कागद-पेन्सिल पुरते, त्यामुळे ती जगभर पसरली आणि २४ च्या खाली गुण गेले की शंका घ्यावी असा संकेत रूढ झाला. आता या तीस गुणांची फोड करून पाहू. शंभरातून सात-सात वजा करत जाण्याला ५ गुण, लिहिलेली सूचना वाचून तसे करण्याला १, एक वाक्य लिहिण्याला १ आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढण्याला १. म्हणजे ज्या व्यक्तीने शाळेचे तोंड पाहिलेले नाही, तिचे ८ गुण आजाराचा काहीही संबंध नसताना धोक्यात असतात. ते सगळे गेले तर उरतात २२, आणि २२ म्हणजे संकेतानुसार आजारी.

जतकडच्या एका मावशींना १९ गुण पडले होते. मुलाने तो कागद कुठल्यातरी शिबिरातून आणला होता आणि ‘आईला अल्झायमर झाला’ असे गावभर सांगूनही झाले होते. मी त्यांच्यापुढे कागद ठेवून घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तेव्हा त्यांनी पेन्सिल पूर्ण मुठीत धरली, कागदावर एक वाकडी रेघ उमटवली आणि ती माझ्याकडे परत सरकवली. “आमच्यात घड्याळ कुनी काढतंय व्हय? टायम इचारा, सांगते,” असे म्हणून त्यांनी भिंतीकडे पाहून पावणेबारा झाल्याचे सांगितले, आणि ते बरोबर होते. शंभरातून सात म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. मग मी विचारले, डेअरीला सात लिटर दूध घातले, लिटरला चाळीस रुपये दर धरला, तर किती झाले? “दोनशे ऐंशी. पर फॅट कमी लागली तर कापत्यात.” हे उत्तर कोणत्याही चाचणीच्या गुणपत्रिकेत बसत नाही आणि बसवूही नये, कारण प्रमाणित चाचणीत आपल्या मनाचे प्रश्न घुसडले की गुणांना अर्थ राहत नाही, परंतु अहवालाच्या निरीक्षणांत ते मी शब्दशः लिहिले. पुढे शब्दांची यादी तोंडी ऐकवली, वीस मिनिटांनी विचारली आणि बहुतेक शब्द परत आले. रक्ताच्या तपासणीत थायरॉइडचा दोष निघाला. सुस्ती त्याची होती.

अक्षरओळख नसलेल्यांसाठी काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडच्या संशोधकांनी पूर्वीच हाताळला आहे. हरियाणातील बल्लभगड भागात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून केलेल्या कामातून १९९५ साली ‘हिंदी मेंटल स्टेट एक्झॅमिनेशन’ पुढे आली. तिच्यात सातांच्या वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात, आणि वाचून करायच्या सूचनेऐवजी ‘मी करतो तसे करा’ असे सांगून डोळे मिटून दाखवतात. तपासायचे ते अवधान आणि आकलनच. फक्त शाळेची अट काढून टाकलेली. इतका साधा विचार असूनही पुष्कळ शिबिरांत आजही जुनाच कागद झेरॉक्स काढून वाटला जातो. शिबिरांचे मला एकूणच वावडे आहे. पंख्यांच्या घरघरीत, पन्नास माणसांच्या रांगेत, ज्याला नीट ऐकू येत नाही अशा माणसाला तीन शब्द एकदा ओरडून सांगायचे आणि पाच मिनिटांनी त्याला ते आठवले नाहीत म्हणून कागदावर शिक्का मारायचा, याला तपासणी म्हणता येणार नाही. जो शब्द कानांतून आत गेलाच नाही, तो विसरला असे कसे म्हणणार? माझ्या खोलीत म्हणूनच पहिली दहा मिनिटे कान, चष्मा, झोप आणि औषधांची पिशवी यांच्यावर जातात. कंपवातासाठी वर्षानुवर्षे चालू असलेली ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी, लघवीच्या तक्रारीवरचे एखादे औषध, कोणी शेजाऱ्याने सुचवलेली झोपेची गोळी, यांतली प्रत्येक वस्तू स्मरणाला मारक ठरू शकते.

उलट टोकाची उदाहरणे अधिक फसवी असतात. सांगलीतले एक निवृत्त मुख्याध्यापक, वय अडुसष्ट, यांना त्याच छोट्या चाचणीत २९ गुण पडले, आणि मी गुण देत असतानाच त्यांनी माझ्या छापील फॉर्मवरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका लाल पेन मागून दुरुस्त केल्या. तक्रार त्यांच्या पत्नीची होती. आयर्विन पुलापर्यंत फिरायला गेल्यावर जाताना सांगितलेली हकिगत ते परतताना पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगतात, आणि भाजीचे पैसे दोनदा देऊन येतात, असे त्या म्हणाल्या. मुलाचे म्हणणे वेगळे होते: “बाबांना अजून शेकडो सुभाषिते पाठ आहेत, त्यांची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा चांगली आहे.” दोघेही खरे सांगत होते, कारण ही दोन स्मरणे वेगळी असतात. १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिटा थांबाव्यात म्हणून विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या अवयवाचा, मोठा भाग काढला. पुढे ब्रेंडा मिल्नर यांनी वर्षानुवर्षे त्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा असे दिसले की बालपण त्याला आठवत होते, हाताचे नवे कसब तो शिकत होता, परंतु काही वेळापूर्वी भेटलेला माणूस त्याला अनोळखी वाटत होता. लहानपणी घोटलेले सुभाषित आणि सकाळी दिलेले भाजीचे पैसे मेंदूत एकाच ठिकाणी राहत नाहीत.

मुख्याध्यापकांना मी पंधरा शब्दांची यादी दिली. ही चाचणी स्वित्झर्लंडच्या आंद्रे रे यांची. यादी पाच वेळा वाचून दाखवायची, दरवेळी जितके आठवतील तितके सांगायचे, मग दुसरीच यादी देऊन मन तिकडे वळवायचे आणि अर्ध्या तासाने पहिली यादी न वाचता विचारायची. त्यांचे शब्द पाच, सहा, सात, सात, सात असे चढत जाऊन थांबले, आणि अर्ध्या तासाने त्यांना एकच शब्द आठवला. खरी परीक्षा यापुढे असते. मी निरनिराळे शब्द उच्चारून ‘हा होता का?’ असे विचारू लागले, तर जे यादीत नव्हतेच असे कितीतरी शब्द त्यांनी ठामपणे ‘होता’ म्हणून सांगितले. सांगलीकरांना हे हरिपूरच्या पेवांवरून, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांवरून, चटकन समजते, म्हणून मी घरच्यांना तसेच सांगते: जमिनीखाली पेवात हळद शाबूत आहे पण तोंड सापडत नाही, ही एक अवस्था, आणि २००५ च्या महापुरात झाले तसे पेवातच पाणी शिरले, ही दुसरी. कंपवातात किंवा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात पुष्कळदा पहिली अवस्था असते, थोडी खूण दिली की शब्द बाहेर येतो. अल्झायमरमध्ये खूण देऊनही हाती काही लागत नाही, कारण तो शब्द साठवलाच गेलेला नसतो. एकूण गुण दोघांचे सारखे येऊ शकतात, म्हणून मला आकड्यापेक्षा चुकांचा प्रकार मोलाचा वाटतो.

एका मिनिटात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावे सांगा, ही चाचणी घ्यायला मला विशेष आवडते. शेतकरी माणूस गोठ्यापासून सुरुवात करतो: गाय, म्हैस, बैल, रेडा, शेळी. पहिल्या पंधरा सेकंदांत नावांचा पाऊस पडतो, मग गोठा संपतो आणि तिथून रानात जावे लागते: कोल्हा, लांडगा, ससा, साळिंदर. ज्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा आहे तो बहुधा गोठ्यातच अडकतो, पुन्हा गाय, पुन्हा म्हैस, आणि बाहेर पडण्याची वाट त्याला सुचत नाही. ज्याच्या बाजूच्या भागातला शब्दांचा साठाच झिजला आहे तो रानात जातो, पण तिथे त्याला ‘ते मोठे असते ते’ याहून अधिक काही सांगता येत नाही. (कालवड, खोंड आणि पारडू यांना वेगळे गुण द्यायचे की नाही, हे आधी ठरवून ठेवावे लागते, नाहीतर आमच्या भागातली माणसे जागतिक विक्रम करतील.)

आता चित्रांकडे वळू. अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीला नाव, पतीचे नाव, समोर धरलेल्या वस्तूंची नावे असे प्रश्न विचारून उत्तरे टिपून ठेवली, तीही आमच्यासारखी एक चाचणीच होती. परंतु त्या उत्तरांमागे मेंदूत काय घडत आहे हे पाहण्यासाठी त्यांना तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०६ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा कुठे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींबाहेरचे साठे आणि पेशींतला गुंता दिसला. जिवंत माणसाच्या कवटीच्या आत पाहण्याची सोय त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७१ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने झाली, आणि एमआरआयने ते चित्र पुढे इतके स्पष्ट केले की हिप्पोकॅम्पसची जाडी डोळ्यांनी जोखता येते. आज चाचणी आणि चित्र एकाच दिवशी हाती येते. त्यामुळे अनेकांना वाटते की चित्र आल्यावर चाचणीची गरजच काय?

गरज आहे, कारण चित्र काय दाखवील हे बऱ्याच अंशी आपण काय विचारतो यावर ठरते. मागणीच्या कागदावर नुसते ‘विसरतात’ एवढे लिहिलेले असले तर अहवाल ‘वयोमानानुसार मेंदूची झीज’ या वाक्याने संपण्याची शक्यता मोठी असते, आणि ते वाक्य वाचून अर्धे घर घाबरते तर अर्धे निर्धास्त होते. त्याऐवजी ‘नवे शब्द साठत नाहीत, खुणेचा उपयोग होत नाही’ असे लिहिले की रेडिओलॉजिस्ट हिप्पोकॅम्पसला काटकोनात छेद घेऊन त्या जागेकडे मुद्दाम पाहतात. फिलिप शेल्टन्स यांच्या ० ते ४ अशा मोजपट्टीवर ती झीज नोंदवता येते. पंच्याहत्तरीच्या आतल्या माणसात २ ही खूणसुद्धा शंकास्पद धरतात, त्यापुढच्या वयात ३ पर्यंत थांबतात. मुख्याध्यापकांच्या दोन्ही बाजूंना २ होते. केवळ चित्रावरून कोणी निदान केले नसते, केवळ २९ गुणांवरून तर त्यांना घरीच पाठवले असते. शब्दांची यादी, पत्नीची हकिगत आणि ते २ एकत्र आले तेव्हा डॉक्टरांना दिशा मिळाली.

चित्र आणि माणूस यांचे जुळत नाही असेही पुष्कळदा होते. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती सिस्टरांचा, दीर्घकाळ अभ्यास केला. दरवर्षी चाचण्या आणि मृत्यूनंतर मेंदूची तपासणी अशी त्या सर्वांनी संमती दिली होती, आणि त्यांत काही जणींचा मेंदू अल्झायमरच्या खुणांनी भरलेला असूनही त्या अखेरपर्यंत चाचण्यांत उत्तम होत्या. शिक्षण, भाषा, कामाची सवय यांनी मेंदूला जी गंगाजळी मिळते तिच्यावर माणूस काही वर्षे निभावून नेतो, असे याचे स्पष्टीकरण देतात. आमच्या सीमाभागाला लागू पडेल असा अभ्यास हैदराबादचा आहे: सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी केली, तेव्हा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला, आणि हा फरक निरक्षरांतही होता. जतच्या पूर्व भागातून येणारी माणसे घरात कन्नड, बाजारात मराठी बोलतात. चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची हे त्यांनाच विचारावे लागते. जावई मराठीत उत्तर देतो म्हणून सासूबाईंची चाचणी मराठीत घेणे मला पटत नाही. दुभाष्या बसवायला वेळ लागतो, तो द्यावा.

एका गोष्टीत मात्र चित्र आणि चाचणी यांचा मेळ इतका नेमका बसतो की पाहणाऱ्याला नवल वाटावे. उजव्या मेंदूच्या मागच्या भागात रक्तपुरवठा अडून पक्षाघात झालेले एक गृहस्थ तासगावकडून आले होते. हातपाय सुधारले होते, बोलणे स्वच्छ होते, छोट्या चाचणीत गुणही बरे. त्यांच्या सुनेने सहज सांगितले की आजारपणापासून मामंजींची चटणी-कोशिंबिरीची आवड गेली आहे, ताटात तशीच राहते. आपल्याकडे ताट वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे असते आणि भाजी उजवीकडे. मी घड्याळ काढायला सांगितले, तर बाराही आकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने उतरले आणि डावा अर्धा कोरा राहिला. आडव्या रेघेचा मध्य दाखवायला सांगितला, तर खूण बरीच उजवीकडे पडली. त्यांचे डोळे ठीक होते. डावीकडचे जगच त्यांच्या अवधानातून निसटले होते. चटणीची वाटी उजवीकडे ठेवा म्हणून सांगितले, आणि दुचाकी चालवू देऊ नका म्हणूनही. हे दुसरे त्यांना मुळीच आवडले नाही.

आणखी एक आजार असा आहे की तो ओळखण्यात चुकू नये असे मला मनापासून वाटते. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणे आणि विचारांत आलेली मंदता ही तीन लक्षणे एकत्र दिसली, आणि एमआरआयमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या प्रमाणाबाहेर मोठ्या दिसल्या, तर कोलंबियाचे सालोमोन हाकिम यांनी १९६५ साली वर्णन केलेल्या ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलस’ या विकाराचा विचार करावा लागतो. नुसत्या मोठ्या पोकळ्यांवरून ठरत नाही, कारण झिजलेल्या मेंदूतही त्या मोठ्या दिसतात. म्हणून डॉक्टर पाठीतून तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी काढतात, आणि त्याच्या आधी व नंतर ठरावीक अंतर चालायला लागणारा वेळ आणि माझ्याकडच्या वेगाच्या चाचण्या मोजल्या जातात. चालीत आणि वेगात स्पष्ट फरक पडला तर शंट, म्हणजे मेंदूतले जास्तीचे पाणी वाहून नेणारी नळी, बसवण्याचा निर्णय घेता येतो, आणि अंथरुणाला खिळू घातलेला माणूस पुन्हा चालू लागतो. ‘म्हातारपण आहे, चालायचेच’ असे म्हणून घरी ठेवलेली अशी माणसे आमच्या जिल्ह्यात किती असतील, याचा विचार माझ्या मनात वरचेवर येतो.

घर हे तपासणीतले सर्वांत अवघड प्रकरण. स्मृतिभ्रंश म्हणायचा तर रोजच्या व्यवहारात अडथळा आलेला दाखवावा लागतो, आणि एकत्र कुटुंबातल्या सत्तरीच्या माणसाला व्यवहार करावाच लागत नाही. चहा हातात येतो, औषध सून देते, बँकेत नातू जातो. “त्यांना काहीच त्रास नाही,” असे सगळे प्रामाणिकपणे सांगतात. म्हणून प्रश्न बदलावे लागतात. परदेशी प्रश्नावलीत चेकबुक आणि मोटार असते. भारतीय वृद्धांसाठी बल्लभगडच्याच प्रकल्पात केलेल्या प्रश्नावलीत रोजच्या साध्या गोष्टी विचारतात. मी आणखी विचारते: लग्नात आहेर कोणाला किती करायचा हे पूर्वी कोण ठरवी, आता कोण ठरवते? पाण्याची पाळी कोणाच्या लक्षात असते? पाहुण्यांचे नाते ते अजून बरोबर लावतात का? सुनेला मी नेहमी स्वतंत्र विचारते, नवऱ्यासमोर नाही. तिला जे ठाऊक असते ते मुलाला क्वचितच ठाऊक असते, आणि सासऱ्यांविषयी सर्वांदेखत बोलणे तिला जड जाते.

मुख्याध्यापकांची चाचणी वर्षाने पुन्हा घ्यायची आहे. त्या वेळी यादी दुसरी वापरायची, कारण तीच दिली तर सरावाने गुण वाढतात आणि घसरण झाकली जाते. चाचणी सकाळीच घ्यायची, चष्मा बरोबर आहे हे पाहायचे, मधल्या काळात बदललेल्या औषधांची नोंद करायची, हे सर्व मी अहवालाच्या शेवटी लिहून ठेवले आहे. त्याच्यावर, ठळक अक्षरांत, पत्नीच्या विचारण्यावरून दोन गोष्टी लिहिल्या: बँकेचे व्यवहार दोघांच्या सहीने करावेत, आणि भाजीवाल्याशी महिन्याचे खाते उघडावे.